टीकॅस वाजल्यावर कुणाचं ऐकायचं? कॉकपिटमधल्या या चुका टाळा

दोन जेट विमानं प्रत्येकी ४८० नॉट वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर दर मिनिटाला जवळपास ३० किलोमीटरने घटतं. काचेपलीकडे ठिपका दिसणं, तो विमानाचा आहे हे कळणं आणि तो वर आहे की खाली हे ठरवणं, एवढ्याला तो वेळ पुरत नाही. म्हणून टीकॅस, म्हणजे दोन विमानांची हवेतली टक्कर टाळायला वैमानिकाला इशारा देणारं यंत्र. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या कागदपत्रांत याला एकॅस म्हणतात, पण कॉकपिटमध्ये कुणी तसं म्हणताना ऐकू येणार नाही.

भारतात याची सक्ती झाली ती मोठी किंमत मोजून. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ हवेत आदळली आणि दोन्ही विमानांतले सगळे मिळून ३४९ जण गेले. सौदी विमानाला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर. कझाक विमान १५,०००च्या खाली आलं. दिल्लीला येणारी आणि दिल्लीहून जाणारी विमानं तेव्हा एकाच हवाई मार्गाने जात-येत होती, आणि दोघांपैकी एकाही विमानात टीकॅस नव्हता.

आता तो प्रत्येक प्रवासी जेटमध्ये असतो. प्रश्न उरतो तो वैमानिक त्याचं कसं ऐकतो हा. पुढच्या चुका मुख्यतः टाइप रेटिंगची (विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याच्या पात्रतेची) किंवा सिम्युलेटर चेकची तयारी करणाऱ्यांसाठी लिहिल्या आहेत, पण विमान अचानक वर गेलं म्हणून घाबरलेल्या प्रवाशालाही त्या वाचता येतील.

आधी यंत्राला काय दिसतं ते

टीकॅसला रडार समजलात की पुढचा अर्धा गोंधळ तिथेच सुरू होतो. तो आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरना (प्रश्नाला रेडिओवरून आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणांना) १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारतो आणि ते १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतात. साधारण सेकंदाला एकदा हे चालतं. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, उत्तरातच उंचीचा आकडा असतो आणि दिशा अँटेनावरून काढली जाते. पहिली दोन मापं भरवशाची आहेत, तिसरं ढोबळ. म्हणूनच टीकॅस कधीही ‘डावीकडे वळा’ म्हणत नाही. त्याला फक्त वर आणि खाली कळतं.

धोका किती जवळ आहे हे तो किलोमीटरमध्ये नाही, सेकंदांत मोजतो: दोघांमधलं अंतर भागिले ते अंतर घटण्याचा वेग. २०,००० फुटांच्या वर साधारण ४८ सेकंद उरले की ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ हा टीए, म्हणजे सावध करणारा इशारा येतो आणि ३५ सेकंद उरले की आरए, म्हणजे ‘क्लाइम्ब’ (वर जा) किंवा ‘डिसेंड’ (खाली या) असा स्पष्ट हुकूम. ५,००० ते १०,००० फुटांच्या पट्ट्यात हेच आकडे ४० आणि २५ होतात. जमिनीपासून १,००० ते २,३५० फुटांत २५ आणि १५. वरच्या उदाहरणातल्या दोन जेटचा हिशेब केला तर ३५ सेकंद म्हणजे सुमारे १७ किलोमीटर. पडद्यावर दुसरं विमान इतकं लांब दिसत असताना आरए वाजला, तर यंत्र बिघडलं असं वाटून घेऊ नका. ते बरोबर वेळेवर बोललं आहे.

दोन्ही विमानांत ‘टीकॅस-२’ (आरए देणारा प्रकार) असला, तर दोन्ही यंत्रं हुकूम देण्याआधी मोड एस या ट्रान्सपॉन्डरच्या माहिती-दुव्यावरून आपसांत ठरवतात की कोण वर जाणार आणि कोण खाली. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकतात आणि परत अडतात, तसं होऊ नये म्हणून ही बोलणी. दोघांनी एकाच क्षणी एकच दिशा निवडली, तर कुणी माघार घ्यायची हेसुद्धा विमानाच्या मोड एस पत्त्यावरून आधीच ठरलेलं असतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळ्यात महागडी चूक हीच बोलणी मोडते.

आरए असताना एटीसीचं (हवाई वाहतूक नियंत्रणाचं) ऐकणं

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत ऊबरलिंगेन गावावर, ३६,००० फुटांवर, बश्किरियन एअरलाइन्सचं तुपोलेव्ह-१५४ आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग ७५७ एकमेकांच्या मार्गावर आले. झुरिकच्या केंद्रात त्या वेळी एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता, टेलिफोन यंत्रणेचं देखभालीचं काम चालू होतं आणि रडारवर धोक्याचा इशारा देणारी सोय पूर्ण चालत नव्हती. पुढचे आकडे जागतिक वेळेचे आहेत. ते सावकाश वाचा.

२१:३४:४२ ला दोन्ही विमानांत टीए वाजला. सात सेकंदांनी कंट्रोलरने तुपोलेव्हला खाली यायला सांगितलं. आणखी सात सेकंदांनी, २१:३४:५६ ला, तुपोलेव्हचा टीकॅस म्हणाला ‘क्लाइम्ब’ आणि ७५७ चा म्हणाला ‘डिसेंड’. तुपोलेव्हच्या कॉकपिटमध्ये पाच जण होते. यंत्र वर जा म्हणतंय हे सहवैमानिकाने बोलूनही दाखवलं. पण कंट्रोलर खाली नेतोय, असं उत्तर मिळालं आणि विमान खालीच जात राहिलं. ७५७ सुद्धा आपल्या आरएप्रमाणे खालीच जात होतं. २१:३५:३२ ला दोघं आदळले. ७१ माणसं गेली, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं होती.

दोष कुणाचा हा प्रश्न जर्मन तपास अहवालात बारकाईने हाताळलेला आहे आणि तो एका माणसावर ढकलता येत नाही. पण प्रशिक्षणार्थीने इथून एक गोष्ट उचलायची: कंट्रोलरने सूचना दिली तेव्हा आरए आला नव्हता, म्हणजे सूचना पाळायला सुरुवात करणं चूक नव्हतं. चूक झाली त्यानंतर सात सेकंदांनी, आरए आल्यावरही आधीचंच चालू ठेवण्यात. आधी आलेला हुकूम आपोआप मोठा ठरत नाही. आरए वाजला की एटीसीची उंचीबाबतची सूचना तिथल्या तिथे बाद. आणि एक पाऊल पुढे: आरएच्या उलट दिशेला कधीही जायचं नाही. आरए पाळला नाही तर तुम्ही यंत्राची मदत नाकारता. उलट गेलात तर समोरच्या विमानाने तुमच्यावर विसंबून निवडलेली वाट तुम्ही अडवता, आणि तिथल्या वैमानिकाला ते कळायचा मार्ग नसतो.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं, ही यातली चीड आणणारी बाब. १७ महिने आधी, ३१ जानेवारी २००१ रोजी, जपानच्या सुरुगा उपसागरावर जपान एअरलाइन्सचं ७४७ आणि डीसी-१० असेच समोरासमोर आले होते. शिकाऊ कंट्रोलरने ज्या विमानाला उतरायला सांगायचं त्याऐवजी दुसऱ्याचाच क्रमांक उच्चारला. ७४७ च्या टीकॅसने ‘क्लाइम्ब’ सांगितलं, वैमानिकाने कंट्रोलरचं ऐकलं, आणि डीसी-१० आपल्या आरएप्रमाणे खाली येत होतं. दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसं होती. थोडक्यात वाचली, पण शेवटच्या क्षणीच्या झटक्याने ७४७ मध्ये सुमारे १०० जण जखमी झाले. टीकॅस आणि एटीसी यांच्यात कोण मोठा, हे आयसीएओने नियमांत निःसंदिग्ध शब्दांत लिहिलं ते ऊबरलिंगेननंतर, २००३ मध्ये.

टीएवर विमान हलवणं

वरच्या चुकीच्या बरोबर उलट टोकाची ही चूक, आणि उत्साही वैमानिकांकडून होणारी. ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ ऐकलं, पडद्यावर पिवळा गोळा दिसला, की हात आपोआप स्टिककडे जातो. थांबा. टीए म्हणजे तयारीची घंटा: कोण उडवतंय ते स्पष्ट करा, हात जागेवर आणा, सीट बेल्टचा दिवा लावा, बाहेर नजर टाका. विमानाची उंची किंवा दिशा टीएवर बदलायची नाही. बहुतेक टीए काही सेकंदांत विरून जातात, आरएपर्यंत पोहोचत नाहीत.

यामागचं कारण दिशेच्या त्या ढोबळ मापात आहे. पडद्यावरचं चिन्ह ‘दहा वाजता’ (घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे, म्हणजे पुढे डावीकडे) दिसतंय म्हणून उजवीकडे वळलात, तर तुम्ही यंत्राच्या सगळ्यात कच्च्या मापावर जीव टांगलात. पडद्याचा उपयोग बाहेर कुठे बघायचं ते कळण्यापुरता. त्यावरून वाहतूक नियंत्रण करायचं नाही.

हळू, किंवा फारच जोरात

पहिल्या आरएला पाच सेकंदांत प्रतिसाद सुरू व्हावा आणि झटका पाव जी (गुरुत्वाकर्षणाच्या पाव पट) इतकाच असावा, या गृहीतावर यंत्राचा सगळा हिशेब बांधलेला आहे. आरए बदलला, म्हणजे ‘इन्क्रीज क्लाइम्ब’ आला किंवा ‘डिसेंड, डिसेंड नाऊ’ अशी दिशाच उलटली, तर वेळ अडीच सेकंद. तिथे मात्र जोर थोडा वाढवायचा, ०.३५ जीपर्यंत. पाच सेकंद हा मोठा वेळ वाटतो, पण ‘हा खरा आहे का?’ हा एक प्रश्न विचारण्यात तो संपतो. खरा आहे का ते नंतर बघा.

जास्त जोरात जाणं तितकंच वाईट. नेहमीच्या ‘क्लाइम्ब’ला मिनिटाला १,५०० फूट पुरतात, २५ सेकंदांत ते ६२५ फूट होतात आणि तेवढं अंतर बऱ्याचदा भरपूर असतं. घाबरून मिनिटाला ४,००० फुटांनी वर गेलात, तर १५ सेकंदांत पुढच्या हजार फुटांवरच्या विमानाच्या दारात. आता २९,००० ते ४१,००० फुटांत दोन थरांमधलं अंतर हजार फूटच असतं. शिवाय मागे ट्रॉली, गरम चहा आणि बेल्ट न लावलेली माणसं असतात.

मग किती वर जायचं? पडद्यावर जे लाल आहे त्याच्या बाहेर, इतकंच. एअरबसमध्ये उभ्या वेगाच्या पट्टीवर लाल आणि हिरवा भाग असतो, बोइंगच्या बऱ्याच विमानांत लाल चौकट दाखवते की नाक कुठे ठेवायचं नाही. ऑटोपायलट काढायचा, फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे न्यायचं ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या खुणा) बंद करायचे, हातांनी उडवायचं. अपवाद: ज्या एअरबसमध्ये आरए ऑटोपायलट स्वतः उडवतो ती सोय आहे, तिथे तो काढायचा नाही. कुठल्या विमानात बसला आहात हे जमिनीवर असताना माहीत करून घ्या.

कमाल उंचीच्या जवळ असताना ‘क्लाइम्ब’ आला तर? ‘विमान आता आणखी चढणार नाही’ असं मनात ठरवून खाली जाणारे वैमानिक असतात. हे आरएच्या उलट जाणं झालं. थोडा वेग खर्चून काहीशे फूट बहुतेक वेळा मिळतात. जेवढे मिळतील तेवढे घ्या.

शब्द नीट न ऐकणं

प्रत्येक आरए ‘वर’ किंवा ‘खाली’ म्हणत नाही. ‘मॉनिटर व्हर्टिकल स्पीड’ म्हणजे आहात तसे राहा, फक्त लालमध्ये जाऊ नका. इथे काहीतरी करायलाच हवं म्हणून विमान ओढणं ही चूक. ‘मेंटेन व्हर्टिकल स्पीड’ म्हणजे आत्ताचा चढ किंवा उतार तसाच ठेवा, मध्येच सपाट होऊ नका.

जुन्या आवृत्तीत ‘अ‍ॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड, अ‍ॅडजस्ट’ असा हुकूम होता. त्याचा अर्थ नेहमी एकच, चढण्याचा किंवा उतरण्याचा वेग कमी करा. पण शब्दांतून कमी की जास्त हे कळत नव्हतं आणि काही वैमानिकांनी तो वाढवला. युरोपात अशा घटना वारंवार नोंदल्या गेल्यावर ७.१ या आवृत्तीत तो काढून ‘लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ’ आणला. याच आवृत्तीत आणखी एक दुरुस्ती आहे: दोघांपैकी एक विमान आरएच्या उलट जात असेल, तर दुसऱ्याचा आरए वेळेत उलटवणारं जास्त चांगलं गणित. ऊबरलिंगेनमध्ये ते हवं होतं. यंत्र बनवणाऱ्यांवर टीका करायची तर मी इथे करेन: ज्या शब्दाचे दोन अर्थ निघतात तो शब्द ३५ सेकंदांच्या यंत्रात यायलाच नको होता.

‘दिसलं, दिसलं’

विमान डोळ्यांनी दिसलं म्हणून आरए सोडून देणं. दिवसा, स्वच्छ हवेत हा मोह सगळ्यात जास्त. पण तुम्हाला जे दिसतंय तेच विमान यंत्राला खुपतंय याची खात्री काय? मोठ्या उंचीवर समोरचं विमान वर आहे की खाली हे डोळे सर्रास चुकीचं सांगतात. ऊबरलिंगेनला तर कंट्रोलरने दुसरं विमान ‘दोन वाजता’ असल्याचं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते ‘दहा वाजता’ होतं. त्या रात्री चुकीच्या बाजूला बघण्यात किती सेकंद गेले असतील याचा अंदाजच करा.

रेडिओवर गप्प राहणं, किंवा खूप बोलणं

बहुतेक ठिकाणी कंट्रोलरच्या पडद्यावर तुमचा आरए दिसत नाही. तुम्ही सांगितलं नाही, तर तो आपल्या परीने मदत करायला नवी उंची देत राहणार. आरएमुळे मंजूर उंची सोडावी लागली की दोनच गोष्टी म्हणा: कॉल साइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), ‘टीकॅस आरए’. वर जाताय की खाली, कुठलं विमान, किती दूर, यातलं काही नको. यानंतर कंट्रोलरने तुमचा मार्ग बदलायचा प्रयत्न करायचा नाही, असा नियम आहे. तुमचं अंतर राखण्याची त्याची जबाबदारीही तेवढ्यापुरती थांबते. तरीही त्याने सूचना दिलीच तर ‘अनेबल, टीकॅस आरए’. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) वाजलं की तसं सांगून मूळ मंजुरीवर परत या. परत येणं राहून जातं. धोका टळल्याच्या सुटकेत विमान ५०० फूट वर तसंच तरंगत राहतं आणि नवा घोळ तयार होतो.

आधी विमान, मग रेडिओ. माइकचं बटण दाबण्यात पहिले पाच सेकंद घालवू नका.

ट्रान्सपॉन्डर

समोरच्याचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल तर तुमच्या टीकॅसच्या लेखी ते विमान आकाशात नाहीच. २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलच्या जंगलावर ३७,००० फुटांवर गोल कंपनीचं बोइंग ७३७ आणि एक लेगसी बिझनेस जेट समोरासमोर धडकले. लेगसीचा ट्रान्सपॉन्डर नकळत स्टँडबायवर गेला होता. दोन्हीकडे टीकॅस होता आणि एकानेही चकार शब्द काढला नाही. ७३७ मधले १५४ जण गेले. लेगसी पंखाचं टोक गमावून लष्करी तळावर उतरलं.

म्हणून पडद्यावरची छोटी अक्षरं वाचायची सवय लावा. ‘टीए ओन्ली’ राहून गेलं असेल तर आरए येणारच नाही. एक इंजिन बंद पडल्यावर चेकलिस्टप्रमाणे मुद्दाम टीएवर ठेवणं वेगळं, विसरून राहणं वेगळं. बारामती, गोंदिया किंवा धुळ्याला सोलो तास भरणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. तुमच्या ट्रेनर विमानात टीकॅस बहुधा नसेल, पण तुमचा ट्रान्सपॉन्डर उंची पाठवत असेल तरच वरून उतरणाऱ्या एअरबसला तुमच्यामुळे आरए मिळू शकतो. उंची न पाठवणाऱ्या विमानासाठी फार तर टीए येतो.

आणि मोबाइलवर विमानं दाखवणारं अ‍ॅप म्हणजे टीकॅस नव्हे. ते एडीएस-बीवर, म्हणजे विमानं स्वतःहून प्रसारित करत असलेल्या आपल्या ठिकाणाच्या माहितीवर चालतं. अशा पडद्यावर विमान दिसतंय म्हणून टीकॅस तुम्हाला वाचवेल असा निष्कर्ष काढू नका.

जमिनीजवळ त्याच्यावर विसंबणं

जमिनीपासून साधारण १,००० फुटांखाली टीकॅस आरए देत नाही, आणि त्याच सुमारास ‘डिसेंड’ हा हुकूमही बंद होतो. त्याला डोंगर दिसत नाहीत, इमारती दिसत नाहीत. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनला उतरणाऱ्या प्रवासी जेटच्या कॉकपिटमध्ये लष्करी हेलिकॉप्टरशी टक्कर होण्याच्या सुमारे २० सेकंद आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ वाजलं होतं. त्यापुढे काही नाही, कारण टक्कर झाली ती जेमतेम ३०० फुटांच्या आसपास. यंत्र नापास झालं असं त्यावर लिहिणाऱ्यांनी हा नियम वाचलेला नाही.

स्टॉलचा (पंखांची उचल संपण्याचा), विंडशिअरचा (वाऱ्याचा वेग-दिशा अचानक बदलण्याचा) किंवा जमीन जवळ आल्याचा इशारा आरएबरोबरच आला, तर आधी तो.

नको असलेले आरए टाळायचे कसे

बरेचसे आरए दोन्ही विमानं आपापल्या मंजूर उंचीवर नीट थांबणार असतानाच येतात. तुम्ही मिनिटाला ३,००० फुटांनी चढताय, तुमची मंजूर उंची समोरच्याच्या हजार फूट खाली. तुम्ही थांबणार आहात हे तुमच्या ऑटोपायलटला माहीत आहे. टीकॅसला नाही, तो आत्ताचा वेग पुढे ताणून बघतो आणि ओरडतो. उपाय साधा आहे: जवळ दुसरं विमान असल्याचं कळलं असेल तर शेवटच्या हजार फुटांत चढण्या-उतरण्याचा वेग मिनिटाला १,५०० फुटांखाली आणा. इंधनात फरक नगण्य. पण असा आरए आलाच, तरी ‘हा फुकटचा आहे’ म्हणून सोडायचा नाही. तो फुकटचा होता हे फक्त नंतर कळतं.

उतरल्यावरचं काम बरेच जण टाळतात. प्रत्येक आरएची लेखी नोंद करायची असते, किरकोळ वाटला तरी. बऱ्याच विमानांतला व्हॉइस रेकॉर्डर शेवटचे दोनच तास साठवतो. विमान गेटवर वीज चालू ठेवून उभं राहिलं किंवा लगेच पुढच्या फेरीला निघालं, तर आरएच्या वेळचं बोलणं पुसलं जातं. म्हणून रेकॉर्डिंग जपायला इंजिनिअरला आधी सांगा. अर्ज, फॉर्म, फोन सगळं त्यानंतर.